कुठे अडले आहे?

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकलिखित करण्यापुरता आणि इथे चार शब्द लिहिण्यापुरता. त्यामुळे आम्ही हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत अख्खा दिवस बसून आलो, याचे आमच्या सहकाऱ्यांना नवल वाटले. निमित्त एका माजी विद्यार्थ्याचे होते. तो शास्त्र शाखेचा; पण महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची मुद्रिते आमच्याबरोबर बसून तपासत असे. पुढे अभियंता झाला आणि आता ‘अजाइल कोच’ म्हणून काम करतो. “सर, मॅडम, माझ्या टीममधली नऊही मुलं मराठी आहेत. कुणी नांदेडचं, कुणी जळगावचं. तरी मीटिंग इंग्रजीत चालते आणि कुणी बोलत नाही. एकदा मराठीत घेऊन बघतोय. तुम्ही नुसते येऊन बसाल का?” असे त्याने विचारले, आणि आम्ही गेलो.

जाण्यापूर्वी त्याने आम्हांला थोडे शिकवले. सॉफ्टवेअर तयार करण्याची जुनी रीत इमारत बांधण्यासारखी होती. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग बांधणी, शेवटी तपासणी. ग्राहकाला प्रत्यक्ष वस्तू दिसेपर्यंत अनेकदा त्याची गरजच पालटलेली असे. या रीतीला पर्याय शोधणारे १७ जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. पद्धती आणि साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद अधिक मोलाचा, हे त्यातले पहिलेच मूल्य. या विचाराची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ‘स्क्रम’. तीत काम छोट्या टप्प्यांत, बहुधा दोन-दोन आठवड्यांच्या, करायचे. रोज पंधरा मिनिटे एकमेकांशी बोलायचे. टप्प्याअखेर चालती वस्तू दाखवायची आणि मग मागे वळून पाहायचे. या शेवटच्या बैठकीला ते ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ म्हणतात. आपल्याकडे ‘सिंहावलोकन’ हा शब्द किती काळ पडून आहे, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा त्याने तो लगेच वहीत टिपून घेतला.

सकाळची बैठक उभ्यानेच झाली. काल काय केले, आज काय करणार, हे प्रत्येक जण सांगत होता. पण नजर मात्र कडेला उभ्या असलेल्या व्यवस्थापकांवर. आम्हांला हे दृश्य ओळखीचे वाटले. ती हजेरी होती. आमचा विद्यार्थी बोलणाऱ्याकडे पाहतच नव्हता. तो फळ्यावरच्या चिठ्ठ्या न्याहाळत राहिला. त्याची नजर मिळेना, तेव्हा एकेक जण नाइलाजाने शेजाऱ्याकडे पाहून बोलू लागला. हे तो मुद्दाम करतो, असे त्याने नंतर सांगितले.

कामाला किती श्रम लागतील, हे ठरवण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. प्रत्येकाच्या हाती पत्ते. त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे. प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सर्वांनी एकाच क्षणी उलटायचा. ही युक्ती २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी मांडली. आकडे पाहून आम्हांला मात्रावृत्तांची आठवण झाली. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या, तर एक, दोन, तीन अशा वाढत्या मात्रांच्या ओळी किती प्रकारांनी रचता येतात, याचे उत्तर क्रमाने हेच आकडे देतात. आणि ही गणना विरहांक व हेमचंद्र यांनी फिबोनाचीच्या आधी केलेली आहे. पण आम्ही थबकलो ते आकड्यांमुळे नव्हे. सर्वांत ज्येष्ठ मुलाने २ दाखवला होता आणि सर्वांत नव्या मुलीने १३. पत्ते एकदम उलटल्यामुळे तिला त्याच्या मागे जाण्याची सोय उरली नव्हती. रीत अशी की, ज्यांचे अंदाज टोकाचे, त्यांनी आधी बोलायचे.

दुपारी सिंहावलोकन झाले. व्यवस्थापकांनी येऊ नये, अशी विनंती होती. प्रथम दहा मिनिटे सर्वांनी मुकाट्याने चिठ्ठ्या लिहिल्या. मग आमच्या विद्यार्थ्याने विचारले, “कुठे अडलंय?” कोणी बोलेना. आमच्यापैकी एकाच्या तोंडून उत्तर निघणारच होते. वर्गात शांतता पसरली की ती आपणच भरून काढायची, ही वीस वर्षांची सवय. तो मात्र स्वस्थ उभा होता. बऱ्याच वेळाने ती नवी मुलगी म्हणाली, “मला हा भाग तीन आठवड्यांपासून कळलेला नाही. विचारायची लाज वाटत होती.” त्यावर तो ज्येष्ठ मुलगा हळूच म्हणाला, “खरं सांगायचं तर, मलाही सगळा कळलेला नाही.”

परतताना आम्ही दोघे फारसे बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच विद्यार्थिनी होती. पीएच.डी.साठी तिची नोंदणी आमच्यापैकी एकाकडे होती. वाचन दोघांनी मिळून ठरवले होते. दर भेटीत आम्ही विचारत असू, “कुठवर आलं?” ती म्हणत असे, “चालू आहे, सर.” “चालू आहे, मॅडम.” दर सहा महिन्यांच्या अहवालावर आम्ही ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहीत गेलो. चौथ्या वर्षी तिने येणे सोडले. चिकाटी नव्हती, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो होतो.

या पद्धतीचे आम्हांला गोडवे गायचे नाहीत. तिचेही कर्मकांड होते: चिठ्ठ्या लागतात, माणसे उभी राहतात आणि मनातले मनातच राहते. कोचचे पदही बेभरवशाचे. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने अशा कामांची हजाराहून अधिक पदे रद्द केली. आमचा विद्यार्थी हे जाणून आहे. “टीमला माझी गरज उरली नाही, तर माझं काम झालं,” असे तो म्हणतो. घराचे हप्ते चालू असताना हे म्हणणे सोपे नसावे.

सध्या आमच्याकडे पाच संशोधक आहेत. आता ते महिन्यातून एकदा एकत्र बसतात आणि आम्ही “कुठवर आलं?” हा प्रश्न टाकून दिला आहे. पहिल्या दोन बैठका शांततेतच गेल्या. तिसरीत एकाने सांगितले की, त्याने निवडलेला विषयच त्याला आवडत नाही. ऐकायला सुखाचे नव्हते; पण दुसऱ्याच वर्षी कळले.

मग त्या विद्यार्थिनीला आम्ही फोन केला. ती आता तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. कुठे अडले होते, असे विचारून आम्ही गप्प राहिलो. “दुसऱ्या प्रकरणात, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही दिलेली समीक्षेची पुस्तकं मला समजतच नव्हती. तुम्हांला कसं सांगणार?” तिची नोंदणी केव्हाच रद्द झाली आहे. आमच्या या उशिराच्या शहाणपणाचा तिला काही उपयोग नाही.