मॉरिशसची पानं

१२ जून, पोर्ट लुई
बाजाराबाहेर दालपुरीच्या गाडीपुढे सकाळीच रांग. पिवळ्या डाळीचं सारण भरलेल्या दोन मऊ पुऱ्या, आत वालांची उसळ, टोमॅटोचा रस्सा, मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून उभ्या-उभ्या खायच्या. चवीला तोड नाही. खटकली ती बहुतेकांच्या दुसऱ्या हातातली गोड शीतपेयाची बाटली.

१५ जून, कात्र बोर्न
आरोग्य खात्याचं फिरतं तपासणी पथक आलं होतं. वजन, कंबर, रक्तदाब, बोटातून रक्ताचा थेंब. कोकणातून आलेल्या गिरमिटियांच्या (करारावर आणलेल्या मजुरांच्या) वंशातल्या एक काकू म्हणाल्या, "आजोबा दिवसभर ऊस तोडायचे. मी दिवसभर दुकानात बसते. ताट मात्र तेच." त्यांची कंबर ९४ सेंटिमीटर भरली; हवी ८०च्या आत. भारतीय वंशाच्या लोकांत चरबी पोटावर लवकर साठते, म्हणून माणूस फार जाड दिसत नसला तरी धोका असतो. या देशात दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे.

१९ जून
जुने अभ्यास वाचत बसले. १९८७ मध्ये सरकारने रेशनच्या तेलातलं पामतेल हटवून त्याजागी मुख्यतः सोयाबीन तेल आणलं. पाच वर्षांत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरलं. लठ्ठपणा मात्र त्याच काळात वाढला. तेल बदललं तरी उष्मांक तेवढेच राहतात, आणि मळ्यातून कारखान्यात, कचेरीत गेलेल्यांची अंगमेहनत सुटली होती.

२२ जून
इथल्या शाळांच्या उपाहारगृहांतून शीतपेयं २००९च्या नियमांनी हद्दपार झाली. २०१३ पासून शीतपेयांवर त्यांतल्या साखरेच्या प्रमाणात कर आहे. साखरेवर उभ्या राहिलेल्या देशाने हे करायला हिंमत लागते. तरी शाळा सुटल्यावर मुलं फाटकाबाहेरच्या तळणाच्या गाडीकडेच धावताना पाहिली. नियम फाटकापाशी थांबून चालणार नाही.

२४ जून
लठ्ठ माणसाला आळशी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. स्वस्त काय, हाताशी काय, हे तो एकटा ठरवत नाही. रेशनच्या तेलाने दाखवून दिलं की सरकारने मनावर घेतलं तर अख्ख्या देशाचं रक्त सुधारतं. काकूंची आणि आपली शरीरं एकाच मातीतली आहेत. तेव्हा घरातल्या मोठ्यांची कंबर मोजा: बायकांची ८०, पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि पुढच्या पालकसभेत विचारा, आपल्या शाळेच्या दारात काय विकलं जातं?