आमचें धुण्याचें यंत्र

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं धुण्याचें यंत्र आलें, तें माझ्या हट्टानें. सासूबाईंच्या बोटांचीं पेरें संधिवातानें सुजलेलीं. तरी घरांत आठ माणसें असतांहि आपली नऊवारी त्या दुसऱ्याच्या हातीं देत नसत. यंत्राला तरी देतील, अशी माझी आशा.

पण पहिल्याच दिवशीं कपडे पिळण्याची वेळ येतांच यंत्रानें जो थयथयाट मांडला तो काय सांगावा! खडखडत तें भिंतीपासून वीतभर पुढें आलें आणि सासूबाई माजघरांतूनच ओरडल्या, “अगं, बंद कर आधीं तें!” दुसऱ्या दिवशीं पाहतें तों त्या पुन्हां धुण्याच्या दगडापाशीं बसलेल्या. त्यांच्या बोटांकडे पाहून मला माझाच राग आला.

मग उपाय सुरू झाले. पायांखालीं गोणपाट घातलें, रबराचे तुकडे ठेवले; धाकटा पुतण्या तर यंत्रावर चढून बसण्यास एका पायावर तयार होता. शेवटीं भाऊजींनीं मामंजींच्या हत्यारांच्या जुन्या पेटींतून पाणसळ काढली. “वहिनी, बुडबुडा मध्यें येत नाहीं, पाहा!” पुढचा डावा पाय अधांतरीं होता. तो फिरवून टेकविला, वरचा नट आवळला, समोरासमोरचे कोपरे दाबून पाहिले. यंत्र डुलेना, पण पिळतांना धिंगाणा तोच!

तेव्हां कुठें मीं माहितीपुस्तिका उघडली. (वाचकांनीं हंसूं नये, पहिल्या दिवशीं ती कोण वाचतो?) पुढून दार असलेल्या यंत्राचें पिंप आंत स्प्रिंगांवर टांगलेलें असतें, हादरे तेथेंच जिरावयाचे. प्रवासांत तें आपटूं नये म्हणून मागून लांब बोल्ट घालून जखडतात, आणि वापरापूर्वी ते काढावे लागतात. यंत्र बसविणारा घाईंत निघून गेला होता. चारहि बोल्ट जागच्या जागीं! पान्यानें ते काढले, भोकांना बुचें लावलीं आणि यंत्र शांत झालें. घर बदलतांना लागतील म्हणून बोल्ट अडकित्त्याच्या डब्यांत ठेवले आहेत.

पुढें एकदां एकटीच सोलापुरी चादर टाकली तेव्हां तें पुन्हां थरथरलें. भाऊजींनीं गणितच मांडलें: पिंपाची त्रिज्या पाव मीटर, मिनिटाला १००० फेरे, अर्धा किलो भार एका अंगास राहिला तरी ओढ सव्वाशे किलोंवर जाते. आतां चादरीबरोबर मी दोन-तीन पंचे टाकतें.

पंधरा दिवसांनीं सासूबाईंनीं आपली नऊवारी यंत्रांत घातली, मला न सांगतां. सोवळें मात्र अजून त्या हातानेंच धुतात. तेथें माझें कांहीं चालत नाहीं.