मधूकवनांतील एक सकाळ

गेल्या चैत्रांत आम्ही चंद्रपुराहून मूल, सावली या मार्गानें वैनगंगा ओलांडून गडचिरोलीस मुक्कामास गेलों आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेसच धानोऱ्याची वाट धरली. दोहों बाजूंच्या वनांत एक गोड, उग्र वास भरून राहिला होता. मोहाच्या झाडांखालीं गोंड बायामुलें रात्रीं गळलेलीं फुलें टोपल्यांत वेचीत होतीं.

हेंच तें संस्कृतांतील मधूक! 'कुमारसंभवां'त कालिदासानें वधू पार्वतीच्या केशांत मधूकमाला बांधविली आहे, हें आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें; परंतु फूल हातीं घेण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला. वाळलेल्या फुलाचा सुमारें निम्मा भाग साखरच असतो. आपणां शहरवासीयांस मोह म्हटला कीं दारू आठवते. येथें मात्र १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि हें फूल गरिबाघरचें अन्नहि आहे.

दुपारीं एका घरीं पळसाच्या पत्रावळीवर जेवलों. उष्टी पत्रावळ उकिरड्यावर गेली. तिचें खत होईल. तेव्हां आमच्याच घरच्या मुंजीची आठवण होऊन मन खजील झालें. वाढपाच्या सोयीसाठीं आणलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या परसांतील खड्ड्यांत अद्याप जशाच्या तशा आहेत!

या संकटावर मोहाच्या फुलांतूनच एक तोड दिसते, हें वाचकांस नवल वाटेल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या फुलांतील साखर जीवाणूंस खाऊं घालून त्यांच्याकडून प्लॅस्टिक करविलें व तो प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध केला. साखर मुबलक पण नत्रादि इतर पोषण अपुरें असलें, म्हणजे हे सूक्ष्म जीव, शेतकरी कणगी भरतो तसे, आपल्या देहांत एका द्रव्याचे कण सांठवितात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील लमॉइन यांनीं तें १९२६ सालीं ओळखलें. दक्षिण ध्रुवाकडील कांहीं जीवाणूंस हाच सांठा कडाक्याच्या थंडींत तारतो. हें द्रव्य वितळवून सांच्यांत ओततां येतें. मातींत टाकलें कीं दुसरे जीवाणू तें खाऊन टाकतात.

अर्थात् हें प्लॅस्टिक नेहमींच्या प्लॅस्टिकहून महाग पडतें. उद्यां तें स्वस्त झालें, तर फुलांस गिऱ्हाईक येईल. पण भाव कोण ठरविणार? २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर वनवासीयांचें स्वामित्व मान्य केलें आहे. याच वाटेवरील मेंढा (लेखा) गावास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढें आपला बांबू त्यानें आपणच विकला. मोहाचेंहि तसेंच व्हावें. कारखान्यांतील जीवाणूंस फुलें घालण्यापूर्वीं वेचणाऱ्यांच्या मुलांचीं पोटें भरलीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

निघतांना एका म्हातारीनें ओंजळभर फुलें आमच्या उपरण्यांत घातलीं. पैसे देऊं केले, तर ती नुसती हंसली. तीं फुलें घरीं आणून सर्वांस दाखविलीं, आणि सुनांच्या संमतीनें एक ठरावहि झाला : आमच्या घरची पुढील पंगत पत्रावळीवरच बसेल.