तवा वेगळा आहे ना?

माझा मुलगा जर्मनीतल्या कोलोन शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. खाण्यापिण्याची अडचण अशी नव्हती. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांतले पुष्कळ तिथेच राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ हलाल मांसाची दुकानं आली, बेकऱ्या आल्या, मशिदी आल्या. त्यामुळे घरी आपलं नेहमीचंच शिजायचं.

निघायच्या आधी मुलगा म्हणाला, "अम्मी, एकदा इथल्या जुन्या पद्धतीच्या खाणावळीत जेवू या. महिनाभर राहिलीस आणि जर्मन घास तोंडात घातला नाहीस, असं नको."

त्या खाणावळीला 'ब्राउहाउस' म्हणतात. मुळात ती बिअर बनवण्याची जागा. ऐकूनच मी मागे सरले. जिथे दारू वाढली जाते त्या दस्तरखानावर बसू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. "आपल्या टेबलावर फक्त पाणी," असं त्याने कबूल केलं, तेव्हा गेले. मनाला पुरतं पटलं होतं असं मात्र नाही.

आत घासून घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं होती आणि बाकांवर अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. निळ्या कपड्यांतल्या वाढप्यांना 'क्योबेस' म्हणतात. हे लोक फटकळपणाबद्दल प्रसिद्ध! पाणी मागितलं तर 'साबण आणि टॉवेलही आणू का?' असं विचारतात, हा तिथला नेहमीचा विनोद. बिअरचे ग्लास लहान, २०० मिलिलिटरचे. एक संपला की न विचारता दुसरा येतो. 'बास' म्हणायचं असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. मला आमची अम्मा आठवली. ताटावर दोन्ही हात आडवे धरल्याशिवाय तिची पळी थांबत नसे.

पदार्थांच्या यादीत प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरं होती. ज्यांची बाधा होऊ शकते अशा १४ गोष्टी तिथे कायद्याने कळवाव्या लागतात. त्यांत अंडी, दूध, मोहरी, तीळ, शेंगदाणे असतात. डुकराच्या मांसाला अक्षर नव्हतं. कायदा शरीराला होणारी बाधा मोजतो, आपली बाधा निराळी. परतलेल्या बटाट्यांतसुद्धा खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात, असं मुलाने सांगितलं. एका पदार्थाचं नाव 'स्वर्ग आणि पृथ्वी'. सफरचंद झाडावरचं, बटाटा जमिनीतला. किती गोड कल्पना! पण सोबत रक्ताचं सॉसेज. 'हाल्वर हान' म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा. मी लगेच विचारलं, "हलाल असेल का रे?" मुलगा हसत सुटला. "अम्मी, त्यात कोंबडाच नाही. रायच्या पावाबरोबर चीज, कांदा आणि मोहरी!"

शेवटी 'राइबेकूखन' ठरलं. किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपीठं म्हणा ना, आणि सोबत शिजवून घोटलेलं सफरचंद. वाढपी आला. मी मुलाला म्हटलं, "तेल कसलं विचार. आणि तवा वेगळा आहे ना, तेही विचार."

बोलून गेले आणि गप्पच झाले. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता.

आमच्या गावात ईदच्या दिवशी शेजारच्या काकू यायच्या. त्यांच्यासाठी अम्मा शिरखुर्मा वेगळ्या, कोऱ्या पातेल्यात करायची. त्या पातेल्याला वर्षभर कोणी हात लावायचा नाही. तरी काकू दरवर्षी हळूच विचारायच्या, "भांडं वेगळं आहे ना वहिनी?" अम्मा म्हणायची, "वेगळंच आहे हो." मी दहा-अकरा वर्षांची असेन. एकदा रडतच अम्माला विचारलं, "आपण काय घाणेरडे आहोत?" अम्मा म्हणाली, "त्या विचारतात, कारण त्यांना आपल्याकडचं खायचं असतं. ज्याला खायचं नसतं, तो विचारत नाही." हा तिचा दुबळेपणा आहे, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

वाढपी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला. तेल सूर्यफुलाचं, आणि थालीपिठांचा तवा वेगळा. साबण-टॉवेलचा विनोदही न करता त्याने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. मी त्याचा चेहरा न्याहाळत होते. माझ्या प्रश्नाने तो दुखावला असेल का? तसं काही दिसलं नाही. कसं दिसणार? त्याच्या भांड्यांवरून त्याला कोणी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं नसणार. मी विचारत होते ते पदार्थाबद्दल. काकूंच्या प्रश्नात पदार्थ किती आणि माणूस किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दरवर्षी यायच्या आणि वाटी पुसून खायच्या, हेही तितकंच खरं.

थालीपीठं कडेने कुरकुरीत होती. वाढप्याने आणखी हवीत का विचारलं, तेव्हा मी नकळत ताटावर दोन्ही हात आडवे धरले. तो हसला. भाषा कळायची गरज पडली नाही.

काकू आता नाहीत. त्यांची सून ईदला येते, काही न विचारता खाते. तरी माळ्यावरचं ते पातेलं मी दरवर्षी खाली काढते.