शिवमंदिराचा माथा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅन्यनच्या विशाल दरीत शिव, विष्णू, ब्रह्मा आणि बुद्ध यांची ‘मंदिरे’ उभी आहेत. तेथे ना मूर्ती, ना घंटा. ती निव्वळ खडकाची शिखरे होत. 1880 च्या सुमारास या प्रदेशाची पाहणी करणारे भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांना त्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेत पौर्वात्य देवालये दिसली आणि नावांची ही प्रथा पडली.

यांपैकी शिवमंदिराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 7,646 फूट आहे. त्याला शिखर म्हणणे तसे सैलच, कारण माथा सपाट असून सुमारे 300 एकरांवर पाइनचे रान आहे. एके काळी तो उत्तरेच्या कैबाब पठाराचाच भाग होता. मधला खडक झिजत गेला, खिंड पडली आणि हा तुकडा सुटा झाला.

माथ्यावरचा कैबाब चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. त्याखाली कोकोनिनो वालुकाश्माचा फिकट कडा आहे. त्यातील तिरके थर म्हणजे गोठलेल्या वाळवंटी टेकड्याच! आणखी खाली ‘रेडवॉल’ येतो. नावाने तांबडा असला तरी आतून तो करडा चुनखडक आहे. वरच्या थरांतील लोहगंजाचे पाणी ओघळून त्याला हा रंग चढला आहे. कठीण थरांचे उभे कडे होतात, मऊ थरांचे उतार होतात. उतार झिजला की वरचा कडा आधार सुटून ढासळतो. देवालयाच्या पायऱ्या अशा घडल्या. नदीकाठी उघडा पडलेला काळसर ‘विष्णू शिस्ट’ तर सुमारे 175 कोटी वर्षांचा आहे.

हजारो वर्षे तुटलेल्या या माथ्यावर प्राण्यांच्या निराळ्या जाती निपजल्या असतील काय? हे तपासण्यासाठी 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने हॅरोल्ड अँथनी यांच्या नेतृत्वाखाली मोहीम पाठवली. वृत्तपत्रांनी तिचे भलतेच कौतुक चालवले. काहींना तर तेथे डायनासोरही दिसू लागले. प्रत्यक्षात सापडले ते पठारावरच्यासारखेच उंदीर आणि खारी. खिंडीने वाट पुरती तोडली नव्हती. हरणांची शिंगे मिळाली, प्राचीन रहिवाशांची दगडी हत्यारेही मिळाली. शिवाय दरीकाठचे छायाचित्रकार एमरी कोल्ब त्या मोहिमेच्या आधीच तेथे चढून आले होते.