सामानाची यादी

मारुंजीहून नागझिऱ्याला जायचे ठरल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर एक वही उघडी पडून आहे. तीत रोज भर पडते. खोडले मात्र क्वचितच काही जाते. मातकट रंगाचे कपडे, फेब्रुवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत लागतील म्हणून कानटोप्या, प्रवेशद्वारावर दाखवायची मूळ ओळखपत्रे, दुर्बीण, कॅमेरा, पक्ष्यांचे सचित्र पुस्तक. चार माणसांचा चार दिवसांचा प्रवास. यादी वाचणाऱ्याला मात्र वाटावे की आम्ही वनवासाला निघालो आहोत.

नागझिरा आमच्या घरी आला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकातून. ते त्या रानात जाऊन राहिले, त्यांनी पाहिले, रेखाटले, लिहिले. मराठी शिकवण्यात तीस वर्षे घालवलेल्या आईने ते पुस्तक कितीदा वाचले असेल याची गणती नाही. रान मात्र तिने पाहिले नाही. दर वर्षी बेत होई आणि कुणाची परीक्षा, कुणाचे लग्न, नाही तर घराचा हप्ता आडवा येई. १९७० सालचे हे अभयारण्य २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेले. आमचा बेत बेतच राहिला.

यंदा तो पुढे ढकलता येणार नाही. आईला काचबिंदू आहे. या आजारात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपणे एवढेच हाती असते. नळीतून पाहावे तसे तिला आता समोरचे तेवढे दिसते, कडेचे सारे बुजले आहे. वाघ तर बहुधा कडेनेच निघून जातो. ‘निदान दिसते आहे तोवर’ हे शब्द आमच्यापैकी कुणीही उच्चारले नाहीत; पण तिकिटे काढली ती याच घाईने.

परवा रात्री यादी वाचून दाखवत असता आई मध्येच म्हणाली, ‘‘अरे, ही सगळी यादी डोळ्यांची आहे.’’

आम्ही गप्प झालो. मारुंजी आता हिंजवडीच्या आयटी पार्कचा शेजार झाली आहे. आमच्या गच्चीतून बांधकामांचे दिवे रात्रभर दिसतात. त्या गोंगाटातही टिटवी ओरडली की आईच पहिल्यांदा सांगते, आणि मग आम्ही कान देतो. इतक्या वर्षांत हे आम्हांला सुचले नव्हते, की रानात वाघाचा माग काढणारेही आधी ऐकतातच. चितळ किंवा सांबर इशारा देते, झाडावरचे वानर खोकल्यासारखा आवाज काढते, आणि वाटाड्या गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावतो. पाहणे त्यानंतरचे.

आईने मग यादी आपल्या हाती घेतली. बिस्किटांचे पुडे नकोत, कागद कुरकुरतो. कापडी पिशवीत दशम्या बांधा. चेनच्या जर्किनऐवजी बटणांचे स्वेटर. मोबाइल बॅगेच्या तळाशी. दुर्बीण राहू द्या, ती तुमच्यासाठी. आणि तिची नागझिऱ्याची जुनी, शिवण सुटलेली प्रत. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये तिरोड्यापर्यंत वेळच वेळ आहे. ती कुणीतरी मोठ्याने वाचावी.

ते काम नातवाकडे आले. इंग्रजी शाळेत जाणारा हा मुलगा मराठी जोडाक्षरांपाशी ठेचकाळतो, म्हणून रोज संध्याकाळी सराव चालतो. बॅगा अर्धवट भरलेल्या, मधल्या जागेत तो पुस्तक घेऊन बसलेला. अडखळला की आई थांबते, त्याला पुरेसा वेळ देते आणि मग पुढचा शब्द सांगते. पुस्तकाकडे ती पाहतही नाही.

वहीत आज आम्ही काहीच लिहिले नाही.