भिंत नसलेला तुरुंग

तुरुंगात सगळ्यात जास्त काय चालत असेल, तर मोजणं. पहाटे बराक उघडली की गिनती, मधे गिनती, आणि दिवस मावळायच्या आत बंदी होताना पुन्हा गिनती. जोडीजोडीने उकिडवं बसायचं, हवालदार बोट पुढे सरकवत जाणार. एक माणूस कमी भरला तर सगळं कारागृह जागच्या जागी थिजतं. तो संडासात सापडला तरी पहिल्यापासून पुन्हा मोजायचं. बाहेरच्या घरांत संध्याकाळचं आधण चढत असतं, तेव्हा आत जेवून थाळी धुऊन झालेली असते. मग कुलूप. रात्रभर दिवा जळत राहतो, कारण पहाऱ्यावरच्याला आतलं दिसलं पाहिजे. तुरुंग म्हटलं की लोकांना बेड्या आठवतात. मला तो न मालवणारा दिवा छळतो. अंधार फुकट मिळतो, हे बाहेर कधी ध्यानात येत नाही.

कैदीही मोजतच असतो. मुलाखतीचा वार, कोर्टाची तारीख, शिक्षेतली जमलेली माफी, संचित रजेचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं आपण पारावर बसून ठोकून देतो. कायद्याच्या लेखी ती मरेपर्यंतची असते. खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षं प्रत्यक्ष काढल्यावर सुटकेचा नुसता विचार सुरू होऊ शकतो, इतकंच.

या सगळ्या हिशेबात मला आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर पुन्हा पुन्हा आठवतं. सांगली जिल्ह्यातला हा माणदेश. पाऊस इथे पाहुण्यासारखा येतो, तोही मुक्कामाला न थांबणारा पाहुणा. अशा जमिनीवर १९३९ साली औंध संस्थानाने कैद्यांची वसाहत बसवली. तट नाही, बुरूज नाही. जन्मठेपेचा कैदी बायकामुलांना घेऊन राहणार, शेत कसणार, हजेरी देणार.

राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे वेडे आणि हाती कुंचला धरणारे गृहस्थ. त्याच वर्षी त्यांनी आपली सत्ताही प्रजेच्या हाती सोपवली होती. दोन्ही गोष्टींमागे एक परदेशी माणूस होता : मॉरिस फ्रिडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या सहवासात भारतानंद झालेला. (पुढे खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली ती यानेच. काही माणसं एका जन्मात किती घरं फिरतात!) राजाने राज्य सोडायचं आणि तुरुंगाने भिंत सोडायची, हे एकाच वर्षी, एकाच दुष्काळी संस्थानात सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं.

भिंत नसेल तर माणूस पळून का जात नाही? भल्या मनाच्या लोकांचं उत्तर तयार असतं : विश्वास. मला ते अर्धंच पटतं. पेरलेलं रान सोडून जाता येत नाही. दावणीची जनावरं संध्याकाळी हंबरतात. पोराचं नाव शाळेत घातलेलं असतं. पळाला आणि सापडला, तर परत बंद कारागृह, आणि जमलेली माफीही जायची. भिंतीचं काम हे सगळे मिळून करतात, आणि भिंतीपेक्षा चोख करतात. शिवाय इथे कुणालाही आणत नाहीत. वर्षानुवर्षं आत नीट वागलेल्यांतून निवड होते.

आणि त्याची बायको? तिला कुठल्याच कोर्टाने शिक्षा सुनावलेली नाही. आधीची वर्षं तिने गावाच्या नजरा सोसल्या, मुलाखतीच्या जाळीपलीकडून नवरा पाहिला. आता ती आपण होऊन कारागृहात नांदायला येते, चूल मांडते, कोंबड्या पाळते. तिच्या नावाने माफीचा एक दिवसही जमा होत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. २०२२ संपताना देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेली. दाटीच्या बराकीत कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागतं, तिथे हीच माणसं तारखेची वाट पाहतात. शेत, चूल, आभाळ यांतलं काही त्यांच्या वाट्याला नाही, कारण खुलं कारागृह फक्त शिक्षा झालेल्यांसाठी. खून केल्याचं सिद्ध झालेला मोकळ्या रानात नांगर धरतो, आणि ज्याच्यावर काहीच सिद्ध नाही तो कुलपाआड. नियम लिहिणाऱ्यांकडे याची कारणं असतील. ती ऐकूनही माझं समाधान होत नाही.

स्वतंत्रपूर बहुतेकांना ठाऊक आहे ते ‘दो आँखें बारह हाथ’मुळे. गोष्ट गदिमांची. ते माणदेशातल्या माडगूळ्याचे, त्यांना ही वसाहत ऐकून ठाऊक असणारच. व्ही. शांतारामांनी १९५७ साली ती पडद्यावर आणली, पुढच्या वर्षी बर्लिनपर्यंत नेली. सहा कैदी, एक जेलर, एक माळरान. सिनेमात शेवटी जेलर मरतो. सिनेमाला कुठेतरी संपावं लागतं, त्याला इलाज नाही. आटपाडीत जेलर मरत नाही, त्याची बदली होते. त्याच्या जागी नवा येतो, गिनती जुळवून घेतो आणि मग, उन्हाळा असेल तर, विहिरीला पाणी किती उरलंय ते विचारत असणार.